वाइडबँड क्लाउनफिश: अंडी फुटतात, पण पिल्लं चौथ्या-पाचव्या दिवशी जातात. तापमान चुकतंय का?

खारंपाणी

ॲम्फिप्रियॉन लॅटेझोनाटस, म्हणजे वाइडबँड क्लाउनफिशच्या जोडीबद्दल विचारायचं आहे. दोन्ही मासे टँकमध्ये जन्मलेले आहेत, समुद्रातून पकडलेले नाहीत. मादी १० सेंमी, नर ७ सेंमी. सगळी माहिती देतो:

टँक २५० लिटर, खाली ५० लिटरचा सम्प (पाणी गाळणारी जोडटाकी). तापमान २७.५ अंश. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, पीएच ८.२, नायट्रेट १० च्या आसपास. एक बबल टिप ॲनिमोनी (समुद्रफूल, ज्यात क्लाउनफिश राहतात) आहे, पण अंडी मागच्या खडकावर घालतात. आतापर्यंत चार खेपा झाल्या. पहिल्या दोन खाऊन टाकल्या. तिसरी आणि चौथी फुटली. रात्री टॉर्चच्या उजेडात पिल्लं गोळा करून नळीने ४० लिटरच्या काचेच्या टँकमध्ये घेतली. तिथे तापमान २८, वरून एलईडी, नॅनोक्लोरॉप्सिस या सूक्ष्म शैवालावर वाढवलेले रोटिफर (पिल्लांचं पहिलं खाद्य असलेले सूक्ष्म जलजीव). पहिल्या दिवशी निम्मी गेली. उरलेली काचेला तोंड लावून फिरत राहतात आणि पाचव्या दिवसापर्यंत टँक रिकामा होतो.

ऑसेलॅरिस या नेहमीच्या क्लाउनफिशसाठी हीच पद्धत चालते असं सगळीकडे वाचलं. वाइडबँडसाठी काय बदलायचं? आणि २७.५ जास्त आहे का?

निळा_ओठ

जास्त आहे, आणि सुरुवात तिथूनच करा. ऑसेलॅरिस विषुववृत्ताजवळच्या उबदार पाण्यातला, वाइडबँड तसा नाही. हा मासा क्वीन्सलँडचं दक्षिण टोक, न्यू साउथ वेल्सचा उत्तर किनारा आणि पुढे समुद्रात लॉर्ड हाउ व नॉरफोक बेटं, एवढ्याच पट्ट्यात सापडतो. प्राणिशास्त्रज्ञ एडगर वेट यांनी १९०० साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कॉफ्स हार्बरजवळची सॉलिटरी बेटं हे त्याचं नेहमीचं ठिकाण. पूर्व ऑस्ट्रेलियाचा उबदार प्रवाह तिथवर पोचतो म्हणून प्रवाळ आणि ॲनिमोनी तिथे तग धरतात, पण हिवाळ्यात पाणी १८-१९ अंशांपर्यंत उतरतं आणि उन्हाळ्यातही २५-२६ च्या फार वर जात नाही. शिवाय हा उथळ पाण्यापुरता मासा नाही, ४० मीटरच्या पुढेही दिसतो. तुमच्या टँकमध्ये बारा महिने २७.५ म्हणजे त्याच्यासाठी कधीच न संपणारा कडक उन्हाळा.

मासा त्याने लगेच मरत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. खातो, अंडीही घालतो. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची भूक व श्वास मात्र वाढतात. मादी पाठोपाठ खेपा घालत राहते, मध्ये शरीर भरून यायला वेळ मिळत नाही आणि अंड्यातल्या बलकाचा दर्जा घसरतो. अशा अंड्यांतून निघालेली पिल्लं पहिल्याच दिवशी का जातात ते यावरून कळेल.

काय करावं:

नेहमीचं तापमान २४ ते २४.५. एकदम उतरवू नका, दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त नाही, म्हणजे साधारण आठवडाभरात पोचाल. खडकावर अंडी असताना तापमानाला हात लावायचा नाही.

जोडी दमलेली दिसत असेल तर वर्षातून एकदा सहा-आठ आठवडे २१-२२ अंश आणि दिव्यांचा दिवस साडेदहा तासांचा ठेवा. नंतर आठवड्याला अर्धा अंश चढवत २४.५ वर या, दिवस साडेतेरा तासांचा करा. थंडीच्या काळात अंडी थांबतील, ती थांबायलाच हवीत. मात्र खाणं तोडू नका. माशाचा आणि कोळंबीचा कीस, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), माशाची गाभोळी, आणि आठवड्यातून दोनदा डीएचए (एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल) असलेल्या तेलात मुरवलेलं खाद्य. नुसत्या कोरड्या गोळ्यांवर ठेवलेली जोडी अंडी भरपूर घालते, पण पिल्लं दुबळी निघतात.

बबल टिप ॲनिमोनी २४ अंशांना उत्तम राहते. निसर्गात वाइडबँड रेडिएन्थस क्रिस्पा या ॲनिमोनीमध्येही राहतो, तिलाच पूर्वी हेटेरॅक्टिस क्रिस्पा म्हणत. पण अंड्यांसाठी ॲनिमोनी लागतेच असं नाही. तिच्याशेजारी एक खडबडीत टाइल मात्र हवी, त्यावर पुढे कोणी सांगेलच.

पहिल्या दोन खेपा खाल्ल्या त्याची चिंता नको. नवीन नराकडून हे होतं. चौथ्या-पाचव्या खेपेनंतरही होत राहिलं तर माणसांची ये-जा, टँकमधला दुसरा मासा किंवा निकामी अंडी, यांपैकी एक कारण शोधा.

रोटिफरवाली

तापमानाबद्दल वर लिहिलंय ते पटलं. आता पिल्लांकडे येते, कारण तुमच्या मजकुरात तीन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. पिल्लं कितव्या दिवशी गेली यावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं.

पहिल्या २४ तासांत गेली: हाताळणी. टॉर्चने गोळा करून नळीने ओढलेल्या पिल्लांना मार लागतो, तो डोळ्यांना दिसत नाही. नळीच्या तोंडाशी ओढ जास्त असते आणि ३-४ मिलिमीटरच्या जिवाला ती पेलत नाही.

तिसरा ते पाचवा दिवस: उपासमार. अंड्यातून आणलेला बलक दोन-तीन दिवसांत संपतो. तोवर ज्याने शिकार शिकून घेतली नाही ते गेलं. टँकमध्ये रोटिफर आहेत म्हणजे पिल्लं खात आहेत असं नव्हे. २८ अंशांना बलक आणखी लवकर संपतो.

आठवा दिवस ते पट्टे येईपर्यंत: डीएचएची कमतरता, अमोनिया, किंवा आर्टेमियाची (रोटिफरनंतर द्यायचे थोडे मोठे कवचधारी जीव) घाई. तिथे तुम्ही अजून पोचलेला नाहीत, पण पोचाल.

काचेला तोंड लावून फिरणं हा उजेडाचा दोष आहे. चारी बाजू पारदर्शक असल्या की पिल्लं परावर्तित उजेडाच्या मागे जातात आणि मधल्या पाण्यातलं अन्न सोडून देतात. बाहेरून चारही बाजूंना काळा कागद लावा. उजेड फक्त वरून आणि मंद, खोलीतल्या दिव्याइतका. पाणी नॅनोक्लोरॉप्सिसने फिकट हिरवं करा, इतकंच की तळ अंधूक दिसावा. हिरव्या पाण्यात उजेड पसरून येतो, रोटिफर उठून दिसतो आणि टँकमधल्या रोटिफरचं पोटही रिकामं राहत नाही.

आता रोटिफरच्या अन्नाबद्दल, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये ईपीए (दुसरं एक ओमेगा-३) भरपूर, डीएचए जवळजवळ नाही. नुसत्या त्यावर वाढलेला रोटिफर पोट भरतो, पण मेंदू, डोळे आणि मज्जातंतू घडायला लागणारं डीएचए देत नाही. पिल्लांना द्यायच्या आधी दोन ते चार तास रोटिफर वेगळ्या भांड्यात काढा आणि त्यांना आयसोक्रायसिस किंवा शायझोकायट्रियम या सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं खाद्य द्या. नंतर ५३ मायक्रॉनच्या चाळणीत स्वच्छ खाऱ्या पाण्याने धुवा. न धुता टाकलं तर तेलाचा तवंग पिल्लांच्या टँकवर चढतो. चढलाच तर साधा टिपकागद पाण्यावर पसरून उचला.

पिल्लांच्या टँकमध्ये रोटिफरचं प्रमाण मिलिलिटरला ८ ते १०. पाचच्या खाली उतरलं की भर घालायची. पंधराच्या वर नेऊ नका, उरलेले रोटिफरही प्राणवायू घेतात आणि अमोनिया सोडतात.

खारंपाणी

दोघांनाही मनापासून धन्यवाद. तीन प्रश्न:

१. थंड करण्यासाठी सम्पवर पंखा पुरेल का, की चिलरच (पाणी गार करणारं यंत्र) हवा? मुख्य पंप ६० वॉटचा आहे.
२. रोटिफर मोजायचे कसे आणि ते वाढवायला किती मोठी बादली लागेल?
३. अंडी खडकावरून उचलता येत नाहीत. टाइलवर कशी वळवायची, आणि उचलायची नेमकी कधी?

मीठमोजणी

पहिल्याचं उत्तर हिशोबाने देतो.

तुमचं एकूण पाणी साधारण ३०० लिटर. ते एक अंशाने गार करायला सुमारे १.२ मेगाज्यूल उष्णता काढावी लागते. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २.४ मेगाज्यूल घेऊन जातं. म्हणजे एक लिटर बाष्पीभवन म्हणजे दोन अंशांची थंडाई, बाहेरून उष्णता येत नसेल तर. पण ती येतेच. ६० वॉटचा पंप पाण्यात बुडालेला असेल तर दिवसाला ५.२ मेगाज्यूल ओततो, नुसता तो रद्द करायला दोन लिटरहून जास्त पाणी उडावं लागतं. म्हणून आधी पंप बदला. तेवढंच पाणी फिरवणारा २५-३० वॉटचा डीसी पंप मिळतो. दिवे टँकच्या झाकणाला चिकटलेले असतील तर वर उचला.

पंखा कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज देतो. हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावतं आणि नेमक्या गरजेच्या दिवसांत पंखा कमी पडतो. खोलीचं तापमान वर्षातले काही महिने २९-३० राहत असेल तर चिलरला पर्याय नाही. या पाण्याला १/६ एचपीचा घ्या. १/१० एचपीचा अखंड चालत राहतो आणि लवकर थकतो. चिलर बंद कपाटात ठेवू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. हीटर आणि चिलर दोन्ही एकाच कंट्रोलरवर ठेवा आणि त्यांच्यात किमान एका अंशाचं अंतर असू द्या, नाहीतर दोघं एकमेकांविरुद्ध चालतील.

पंखा असो वा नसो, उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओ पाणी आपोआप भरणारी सोय हवी. दिवसाला तीन लिटर उडत असेल आणि तुम्ही दोन दिवसांनी हाताने भरत असाल, तर खारटपणा सतत वरखाली होतो. अंडी असताना तो सर्वांत वाईट.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून जोडतो. पिल्लांच्या टँकमध्ये अमोनिया बांधून ठेवणारं द्रव्य वापरत असाल तर तपासणीचा संच सॅलिसिलेट पद्धतीचा घ्या. नेस्लर पद्धतीचा संच बांधलेला अमोनियाही अमोनिया म्हणून दाखवतो आणि तुम्ही उगाच आणखी औषध ओतत राहता. शिवाय पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. २८ ऐवजी २४.५ ला राहण्याचा हाही फायदा आहे.

रोटिफरवाली

दुसरा प्रश्न. बादलीतलं पाणी ढवळून एक मिलिलिटर पिपेटमध्ये घ्या, काचेच्या बशीत थेंबाथेंबाने पसरवा, आयोडीनचा एक थेंब टाका. रोटिफर जागीच थांबतात. भिंगाखाली मोजा. बादलीत संख्या फार असेल तर आधी दहापट पातळ करून मोजा आणि उत्तराला दहाने गुणा. पिल्लांच्या टँकमधलं मोजताना पातळ करायचं नाही.

तुमचा टँक ४० लिटरचा. मिलिलिटरला ८ धरले तर ३ लाख २० हजार रोटिफर. बादलीत मिलिलिटरला १५० असतील तर सुमारे २.१ लिटर बादलीपाणी गाळावं लागेल. २० लिटरच्या बादलीतून रोज चौथा हिस्सा, म्हणजे ५ लिटर काढले तरी संख्या परत भरून येते. म्हणजे एक बादली पुरते, पण दोन ठेवा. एक बादली रात्रीतून कोसळते: पाणी फेसाळतं, वास येतो, किंवा सिलिएट (एकपेशीय जीव) माजून रोटिफर संपतात. तीच एकमेव बादली असेल तर खेप गेली.

बादलीचं तापमान २५-२६ ठीक. खारटपणाबाबत एक सावधगिरी. बरेच जण रोटिफर १.०१५ ला वाढवतात कारण तिथे ते जोमाने वाढतात, आणि थेट १.०२५ च्या टँकमध्ये टाकतात. धक्क्याने रोटिफर पोहणं थांबवतात आणि तळाशी बसतात. मिलिलिटरला दहा असूनही पिल्लांच्या डोळ्यांसमोर एकही नसतो. बादली १.०२० च्या वर ठेवा आणि टाकण्याआधी अर्धा तास टँकचं पाणी थोडं थोडं मिसळा. तुमच्या पाचव्या दिवसाच्या मृत्यूंमागे हेच असण्याची दाट शक्यता वाटते, बादलीचा खारटपणा आधी तपासा.

तिसरा प्रश्न. ते अंडी घालतात त्याच खडकाला टेकवून १५ सेंमीची बिनचकाकीची टाइल तिरपी उभी करा, खडबडीत बाजू पुढे, आणि मूळ जागा दुसऱ्या दगडाने झाका. मासे लगेच मानत नाहीत. एखाद-दोन खेपा शेजारीच घालतील, मग टाइल घासायला लागतील. दोघंही तोंडाने टाइल साफ करू लागले आणि मादीची अंडी सोडण्याची नळी बाहेर दिसली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी अंडी.

दिवस मोजू नका. २७-२८ अंशांना सात-आठ दिवस लागतात, २४.५ ला ते नऊ-दहाच्या पुढे जातात. अंड्यांकडे बघा. आधी नारिंगी, मग तपकिरी आणि दोन काळे ठिपके, शेवटी डोळ्यांना चंदेरी झाक. डोळे पूर्ण चंदेरी चमकले की त्या रात्री फुटणार. संध्याकाळी दिवे जाण्याच्या तासभर आधी टाइल पाण्यातल्या पाण्यात डब्यात घ्या आणि पिल्लांच्या टँकमध्ये ठेवा. पाणी जोडीच्याच टँकचं, तापमान आणि खारटपणा तोच. टाइल तशीच तिरपी, अंडी खालच्या बाजूला, आणि एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) असा की बुडबुड्यांची रांग अंड्यांना जेमतेम चाटून जाईल. नर पंखांनी जी हालचाल देतो तेवढीच हवी. बुडबुडे थेट आदळले तर अंडी सुटतात, हालचालच नसेल तर पिल्लं कवचातच गुदमरतात. मग पूर्ण अंधार, चार्जरचा लुकलुकता दिवासुद्धा झाका. तास-दोन तासांत फुटतात. बारकाईने बघायचा मोह होतो, पण तो उजेड पिल्लांना महागात पडतो.

त्या रात्री फुटली नाहीत तर टाइल परत जोडीकडे नेऊ नका. तसाच बुडबुडा चालू ठेवा, दुसऱ्या रात्री बहुधा फुटतात.

टाइल काढा, एअरस्टोन कोपऱ्यात सरकवून मंद करा, आणि सकाळी उजेड येण्याआधी रोटिफर तयार ठेवा. पहिले तीन दिवस फिल्टर नाही. चौथ्या दिवसापासून कडक नळीने तळ हलकेच ओढा आणि थेंबाथेंबाने रोज १० ते १५ टक्के पाणी बदला, नवीन पाणी जोडीच्या टँकमधलंच.

आर्टेमियाची घाई इथे फार नुकसान करते. ऑसेलॅरिसचं वेळापत्रक बघून सहाव्या-सातव्या दिवशी आर्टेमिया टाकला की मोठी पिल्लं पोट फुगेपर्यंत खातात, पचवू शकत नाहीत आणि दुसऱ्या सकाळी तळाशी सापडतात. थंड पाण्यात वाढ सावकाश असते. थोडे ताजे फुटलेले नॉप्लिआय (आर्टेमियाची पिल्लं) टाकून बघा. पिल्लं ते पकडून गिळत असतील आणि पोट नारिंगी दिसत असेल तरच पुढे चला. तीन-चार दिवस रोटिफर आणि आर्टेमिया दोन्ही चालू ठेवा. नॉप्लिआय फुटल्यावर पहिली कात टाकेपर्यंत त्यांना तोंडच उघडलेलं नसतं, म्हणून डीएचए भरायचं तर फुटल्यानंतर बारा तासांनी भरा.

पट्टे यायच्या दिवसांत, दिवा अचानक लावला किंवा जाळी बुडवली की पिल्लं गोल फिरून ताठ होतात आणि मरतात, हे दिसलं तर डीएचए कमी पडलंय असं समजा. पट्टे तुटके, वाकडे येण्यातही खाण्याचा वाटा असतो. वाइडबँडमध्ये ते जास्त खटकतं, कारण मधला रुंद पांढरा पट्टा हीच त्याची ओळख आहे.

निळा_ओठ

वरचं सगळं योग्य आहे. दोन गोष्टी राहिल्या.

एक, रोग. पुढेमागे नवा नर किंवा नवी मादी आणली तर विलगीकरणाचा काळ इथे नेहमीपेक्षा लांब धरा. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी थंड पाण्यात आपलं चक्र सावकाश पूर्ण करतो, त्यामुळे २७ अंशांसाठी लिहिलेले दिवस २४ ला अपुरे पडतात. किमान सहा आठवडे. अंगावर दाट चिकट थर आणि धापा लागलेल्या दिसल्या तर ब्रूक्लिनेला (एक सूक्ष्म परजीवी) समजा आणि वाट पाहू नका, दोन दिवसांत मासा जातो. ३७ टक्क्यांचं फॉर्मेलिन, १० लिटर पाण्याला १.५ मिलिलिटर, ३० ते ४५ मिनिटं, जोरदार हवा चालू ठेवून, आणि मासा डळमळला की लगेच साध्या पाण्यात. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेला असेल तर ते फॉर्मेलिन वापरू नका, ते फार विषारी झालेलं असतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. हे काम मुख्य टँकमध्ये कधीच नाही.

दोन, वंश. या माशाचा मूळ प्रदेश लहान आहे. तिथला बराच भाग सागरी उद्यानांत मोडतो आणि लॉर्ड हाउ बेटसमूह १९८२ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. समुद्रातून नवीन जोड्या येत राहतील या भरवशावर कुणी राहू नये. म्हणून जोडी कुठल्या वंशाची हे विचारून लिहून ठेवा, भावंडांची जोडी लावणं टाळा, आणि दुसऱ्या जातीच्या क्लाउनफिशशी संकर अजिबात नको. कल्ल्यांवरच्या झाकण्या आखूड असलेली, कल्ले उघडे दिसणारी पिल्लं पुढे ब्रीडिंगसाठी देऊ नका. पिल्लं देताना जन्मतारीख आणि आईवडिलांची नोंद सोबत द्या.

खारंपाणी

बादली तपासली, १.०१४ निघाली. टँक १.०२५. टाइल आज खडकाला टेकवून ठेवली आणि पिल्लांच्या टँकला काळा कागद लावला. उद्यापासून दिवसाला अर्धा अंश उतरवतो. मधल्या काळात खडकावर अंडी आली तर काय करू?

रोटिफरवाली

अंडी आली तर तापमान आहे तिथेच थांबवा आणि ती खेप जोडीकडेच राहू द्या, उचलू नका. ती फुटून गेल्यावर पुन्हा उतरवायला घ्या. २४.५ वर दोन आठवडे स्थिर गेल्यानंतर टाइलवर येईल ती पहिली खेप घ्या. तोवर बादलीचा खारटपणा रोज दोन अंकांनी, म्हणजे १.०१४ वरून १.०१६, असा चढवत १.०२२ पर्यंत न्या आणि दुसरी बादली आजच सुरू करा.